बिटकॉइनच्या नियमावलीतील अडगळ

एका सरळ रेषेत २०१६ खांब रोवले, तर त्यांच्यामध्ये अंतरे किती? पाचवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर बरीचशी मुले चटकन २०१६ म्हणतील. काही जण थोडे थांबून २०१५ म्हणतील. बिटकॉइन या आभासी चलनाची मूळ आज्ञावली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिली गेली. तिच्या लेखकाने येथे पहिले उत्तर दिले. ही चूक जानेवारी २००९ पासून त्या चलनाच्या नियमावलीत आहे. जाणकारांना ती ठाऊक आहे, तरीही ती कोणी दुरुस्त केलेली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

मात्र त्याच नियमावलीत याहूनही आडबाजूचे काही नियम आहेत. ते कोणी वापरताना दिसत नाही. पण त्यांचा दुरुपयोग करून सगळे जाळे वेठीला धरता येते. ते काढून टाकावेत असा एक प्रस्ताव मॅट कोरॅलो यांनी मार्च २०१९ मध्ये मांडला. तो पुढे सरकला नाही. त्याचाच बराच बदललेला अवतार अँटवान प्वांसो आणि कोरॅलो या दोघांच्या नावे २०२५ मध्ये, बिटकॉइन सुधारणा-प्रस्तावांच्या यादीत ५४ व्या क्रमांकाने दाखल झाला. हे दोन मसुदे शेजारी ठेवून वाचणे फार बोधप्रद आहे. एकाच दुखण्यावरचे हे दोन उपाय असले, तरी त्यांच्यामागची पुराव्याची कल्पना निराळी आहे. या लेखात त्यांचेच परीक्षण करायचे आहे.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. बिटकॉइन ही एक सामाईक हिशोबवही आहे. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. नवे व्यवहार गठ्ठ्यांनी, म्हणजे ब्लॉकच्या रूपाने, सरासरी दर दहा मिनिटांनी जोडले जातात. ब्लॉक तयार करणाऱ्यांना मायनर म्हणतात, आणि प्रत्येक संगणक तो ब्लॉक स्वतः तपासून मगच स्वीकारतो. या तपासणीचे नियम सर्वांकडे तंतोतंत सारखे असावे लागतात, अन्यथा वही दुभंगते. मार्च २०१३ मध्ये असे प्रत्यक्ष घडले. जुन्या आवृत्तीतील माहितीसाठ्याला एक मर्यादा होती. ती नियम म्हणून कोणी लिहिलेली नव्हती. परंतु नव्या आवृत्तीत ती नाहीशी झाली आणि काही तास दोन वेगवेगळ्या वह्या अस्तित्वात आल्या. अखेर मायनरांना जुन्या आवृत्तीकडे परतावे लागले. तेव्हा 'नियम' म्हणजे कागदावर लिहिलेले तेवढेच नव्हे. आज्ञावली जे जे करते, ते सारेच नियम.

नियम बदलण्याचे मार्ग दोन. पूर्वी चालणारी एखादी गोष्ट आता चालणार नाही असे ठरवले, तर तो नियम आवळणे झाले. जुनी आज्ञावली वापरणाऱ्यांनाही नवे ब्लॉक वैधच दिसतात, त्यामुळे वही दुभंगण्याचा धोका कमी असतो. उलट पूर्वी न चालणारी गोष्ट चालवून घ्यायची, म्हणजे नियम सैल करायचा, तर प्रत्येकाने एकाच वेळी आज्ञावली बदलावी लागते. काढणे सोपे, घालणे कठीण असा हा उलटा व्यवहार आहे. जुलै-ऑगस्ट २०१० मध्ये काही गंभीर दोष सापडले. त्यांतील एकाच्या आधारे कोणाचेही नाणे कोणालाही खर्च करता आले असते. त्या दिवसांत नाकामोतो यांनी कॅट, मल यांसारख्या पंधरा आज्ञा बंद करून टाकल्या. तेव्हा वापरणारे मूठभर होते. चर्चा जवळजवळ झालीच नाही. त्यांतील कॅट ही दोन तुकडे जोडण्याची साधी आज्ञा परत आणावी यासाठी पुढे अनेकांनी खटपट केली, परंतु २०२५ अखेरपर्यंत ती परत आलेली नव्हती. काही दिवसांत काढलेली गोष्ट पंधरा वर्षांत परत येत नाही, हे काढण्याच्या प्रस्तावांचे मोजमाप करताना ध्यानात ठेवायला हवे.

आता मुख्य दुखण्याकडे वळू. बिटकॉइनच्या एका व्यवहारात अनेक जुनी नाणी एकत्र खर्च करता येतात. प्रत्येक नाण्यासाठी मालकाची स्वाक्षरी लागते. जुन्या पद्धतीत प्रत्येक स्वाक्षरी तपासताना जवळजवळ संपूर्ण व्यवहाराचा 'हॅश', म्हणजे बोटाच्या ठशासारखी एक लहान ओळखसंख्या, नव्याने काढावा लागतो. नाणी दुप्पट केली की तपासण्या दुप्पट होतात, आणि प्रत्येक तपासणीत वाचायचा मजकूरही दुप्पट होतो. म्हणून श्रम चौपट. जुलै २०१५ मध्ये एका मायनर-संघाने पत्त्यांवर विखुरलेली चिल्लर गोळा करण्यासाठी ५,५६९ नाण्यांचा, सुमारे दहा लाख बाइटांचा एकच व्यवहार ब्लॉकमध्ये घातला. स्वाक्षऱ्या वगळता प्रत्येक नाण्याच्या नोंदीला ४१ बाइट लागतात. तेव्हा एका तपासणीत ४१ × ५,५६९ म्हणजे सुमारे २ लाख २८ हजार बाइट, आणि अशा ५,५६९ तपासण्या; गुणाकार सुमारे १२७ कोटी बाइट होतो. दहा लाख बाइटांच्या मजकुरासाठी १२७ कोटी बाइट वाचणे! त्या वेळच्या साध्या संगणकाला या एका व्यवहाराला सुमारे २५ सेकंद लागले. वर्गमूळ-वर्ग शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे.

हे सद्हेतूने झाले होते. वाईट हेतू असेल तर हिशोब याहून बराच बिघडवता येतो, आणि तेथेच आडबाजूचे दोन नियम कामी येतात. पहिला 'कोडसेपरेटर' नावाच्या आज्ञेचा. प्रत्येक नाण्याला एक कुलूप असते. ते म्हणजे आज्ञांची एक छोटी मालिका. कोडसेपरेटर आला की स्वाक्षरीने व्यापायचा भाग त्याच्या पुढे सुरू होतो. सुरुवातीच्या आज्ञावलीत किल्ली आणि कुलूप एकत्र जोडून चालवत, तेव्हा दोहोंच्या मध्ये ही आज्ञा ठेवलेली असे. २०१० मध्ये ती जोडणीच बंद झाली आणि आज्ञा पोरकी होऊन मागे राहिली. दुसरा नियम 'शोधा आणि खोडा' असा: हॅश काढण्यापूर्वी कुलपाच्या मजकुरात तीच स्वाक्षरी आढळली तर ती वगळायची. स्वाक्षरी स्वतःवरच स्वाक्षरी करू शकत नाही, म्हणून ही तजवीज. या दोहोंमुळे एकाच नाण्याच्या प्रत्येक तपासणीत हॅश करायचा मजकूर वेगळा करता येतो, आणि एकदा काढलेले उत्तर पुन्हा वापरण्याची सोय उरत नाही. असा मुद्दाम घडवलेला ब्लॉक तपासायला कित्येक मिनिटे आणि मंद संगणकावर त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. तेवढा वेळ इतर मायनर अडकून पडतात, आणि ब्लॉक घडवणारा पुढच्या ब्लॉकला आधी हात घालतो. स्वस्त संगणकावर स्वतःची वही राखणारा सामान्य माणूस तर शर्यतीबाहेरच फेकला जातो. २०१७ मध्ये आलेल्या नव्या प्रकारच्या व्यवहारांत हा वर्गाच्या प्रमाणात वाढणारा खर्च काढून टाकला गेला. जुने प्रकार मात्र वैधच राहिले.

२०१९ च्या मसुद्याने येथे सरळ कुऱ्हाड उचलली. जुन्या प्रकारच्या कुलपांत कोडसेपरेटर आला तर व्यवहार अवैध. 'शोधा आणि खोडा'चा प्रसंग आला तरी अवैध. समर्थन असे की, यांचा वापर होताना आढळत नाही, आणि २०१८ पासून तर प्रमुख आज्ञावली असे व्यवहार इतरांकडे पुढे पाठवतही नाही. तेव्हा कोणाचे काय बिघडणार?

या युक्तिवादातील कच्चा दुवा विज्ञानाच्या शिक्षकाने ओळखला पाहिजे. 'आढळत नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे, हे आपण सर्वच म्हणतो. परंतु तो फरक किती मोठा आहे हे निरीक्षणाच्या पद्धतीवर अवलंबून असते. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर शास्त्रज्ञांना ११३ वर्षे आढळले नव्हते. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ दिसले. तेथे शोधणाऱ्याला निदान रान तरी उघडे होते. बिटकॉइनमध्ये २०१२ पासून कुलूप उघडपणे न लिहिता त्याचा केवळ वीस बाइटांचा हॅश वहीत नोंदवण्याची सोय आहे. आतले कुलूप नाणे खर्च होईपर्यंत जगाला दिसत नाही, आणि हॅशवरून मूळ मजकूर काढता येत नाही. म्हणजे न खर्चलेल्या नाण्यांपैकी कितींच्या कुलपांत कोडसेपरेटर आहे, हे वहीचे पान न् पान चाळूनही समजणार नाही. शून्य असेल, कदाचित कोणीतरी दहा वर्षांनी उघडायची म्हणून काळजीपूर्वक रचलेली एखादी ठेव असेल. येथे निरीक्षणाचा अभाव हा अभावाचा पुरावा थोडासुद्धा होत नाही, कारण निरीक्षणच शक्य नाही.

नेमका हाच आक्षेप रसेल ओ'कॉनर यांनी त्याच महिन्यात घेतला होता. त्यांचा पर्यायही सुज्ञ होता: आज्ञा बंद करू नका, तिचा भार वाढवा, जो वापरील त्याने ब्लॉकमधील जास्त जागेचे मोल मोजावे. उत्तरादाखल असे म्हणता येईल की, एखाद्या काल्पनिक ठेवीदारासाठी हजारो खऱ्या संगणकांना धोक्यात का ठेवायचे? प्रश्न रास्त आहे. पण बिटकॉइनची सारी पत 'नियमानुसार ठेवलेले नाणे कोणी गोठवणार नाही' या एका वचनावर उभी आहे. त्या वचनाला 'वापर दुर्मीळ नसल्यास' अशी तळटीप जोडली की उद्या दुर्मीळ कोणाला म्हणायचे हे ठरवणारा कोणीतरी अधिकारी मानावा लागेल, आणि असा अधिकारी नसणे हेच तर या रचनेचे प्रयोजन. इथरियम या दुसऱ्या चलनाने मार्च २०२४ मध्ये आपल्या 'सेल्फडिस्ट्रक्ट' या जुन्या आज्ञेचे पंख छाटले; परंतु तेथे वेळोवेळी नियम बदलणे हा रिवाजच आहे आणि वापरणारा ते जाणून आत येतो. दोन्ही धोरणे आपापल्या जागी सुसंगत आहेत. एकाचे समर्थन दुसऱ्याकडे उसने नेता येत नाही, इतकेच.

२०२५ च्या मसुद्याने कुऱ्हाड खाली ठेवली, हे त्याचे मोठे श्रेय. त्यात कोणतीही आज्ञा बंद होत नाही. एका व्यवहारात जुन्या प्रकारच्या स्वाक्षरी-तपासण्या २,५०० पेक्षा अधिक नसाव्यात, एवढीच मर्यादा आहे. श्रम वर्गाच्या प्रमाणात वाढतात, तेव्हा घाव वर्ग होणाऱ्या संख्येवरच घालायचा. वरचेच उदाहरण पाहा. ५,५६९ नाण्यांचा तो व्यवहार या मर्यादेत बसला नसता, पण त्याचे तीन भाग केले असते तर तीच नाणी बिनबोभाट खर्च झाली असती. प्रत्येक भागात सुमारे १,८५६ नाणी, म्हणजे ४१ × १,८५६ × १,८५६, सुमारे १४ कोटी बाइट. तिन्ही मिळून ४२ कोटी. एकूण श्रम एक-तृतीयांश झाले, आणि कोणाचे नाणे अडकले नाही. कोडसेपरेटर वापरणारा तो काल्पनिक ठेवीदारही सुखरूप राहिला. वस्तूवर बंदी घालण्याऐवजी तिच्या प्रमाणावर बंदी घालण्यातली ही समज पहिल्या मसुद्यात दिसली नव्हती.

खांब आणि अंतरे यांच्या प्रश्नाकडे आता परत जावे लागेल, कारण प्रस्तावातील दुसरी दुरुस्ती तेथलीच आहे. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी यावेत म्हणून दर २०१६ ब्लॉकांनंतर मायनरांसमोरील कोड्याची काठिण्यपातळी बदलते. गेल्या २०१६ ब्लॉकांना दोन आठवड्यांहून कमी वेळ लागला तर कोडे कठीण होते, जास्त लागला तर सोपे. वेळ मोजतात तो गटातील पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्या ब्लॉकपर्यंत, म्हणजे २०१५ अंतरांचा. भागाकार मात्र २०१६ अंतरे गृहीत धरून. परिणामी सरळ हिशोबाने ब्लॉकमधील अंतर ६०० सेकंदांऐवजी सुमारे ६००.३ सेकंद होते. या तीन-दशांश सेकंदाने कोणाचे काही जात नाही. ते सुधारायचे तर नियम सैल केल्यासारखे होऊन सर्वांना एकदम आज्ञावली बदलावी लागेल. दोन्ही मसुद्यांनी या चुकीला हात लावलेला नाही, हे बरेच झाले.

खरा घात न मोजलेल्या एका अंतराचा आहे. एका गटाचा शेवटचा ब्लॉक आणि पुढच्या गटाचा पहिला ब्लॉक यांतील वेळ कोणीच मोजत नाही. ब्लॉकवरची वेळ मायनर स्वतः लिहितो. ती आधीच्या अकरा ब्लॉकांच्या मध्यकापेक्षा जास्त असावी, आणि खऱ्या वेळेच्या दोन तासांहून अधिक पुढे नसावी, एवढीच बंधने. बहुसंख्य मायनरांनी संगनमत केले तर ते बहुतेक ब्लॉकांवर मागची वेळ लिहितील, गटाच्या शेवटच्या ब्लॉकवर खरी वेळ लिहितील, आणि पुढच्या गटाच्या पहिल्या ब्लॉकवर पुन्हा मागे जातील. प्रत्येक गटाला प्रचंड वेळ लागल्याचा भास होईल, कोडे सोपे होत जाईल, आणि दीडेक महिन्यात ब्लॉक भराभर पडू लागतील. उपाय साधा आहे: नव्या गटाच्या पहिल्या ब्लॉकची वेळ आधीच्या ब्लॉकच्या फार मागे नसावी. २०१९ मध्ये ही सूट दहा मिनिटांची होती, नव्या मसुद्यात ती दोन तासांची केली आहे. घड्याळ थोडे चुकलेल्या प्रामाणिक मायनराचा ब्लॉक फुकट जाऊ नये हा हेतू, आणि संरक्षणात त्याने विशेष उणीव येत नाही. गंमत अशी की, या दोषाचाही उपयोग करू पाहणारे निघाले. मार्क फ्रीडेनबाक यांनी २०१८ मध्ये याच फटीतून जाळ्याची क्षमता वाढवण्याची एक कल्पना मांडली होती. कल्पक आहे, पण न बांधलेल्या घरासाठी फुटलेली भिंत राखून ठेवा म्हणण्यासारखे ते मला वाटते. कोडसेपरेटरच्या बाबतीत कोणाचे तरी नाणे पणाला लागलेले असू शकते. येथे केवळ एक योजना पणाला आहे. दोहोंना एकच माप लावण्याचे कारण नाही.

तिसरी दुरुस्ती मला तितकीशी पटत नाही. ब्लॉकमधील व्यवहारांचे हॅश जोडीजोडीने एकत्र करत एक झाड रचतात. प्रत्येक जोडी ३२ अधिक ३२, म्हणजे ६४ बाइटांची. नेमक्या ६४ बाइटांचा व्यवहार घडवला तर फांदी कोणती आणि पान कोणते हे ओळखण्यात गफलत करता येते, आणि संपूर्ण वही न ठेवणाऱ्या हलक्या आज्ञावलीला फसवता येते. म्हणून ६४ बाइटांचे व्यवहार अवैध करायचे. कोणाचे नुकसान होते का? एक नाणे घेऊन एक देणाऱ्या व्यवहाराच्या ठरावीक नोंदींनाच ४ + १ + ३६ + १ + ४ + १ + ८ + १ + ४ असे ६० बाइट लागतात. उरलेल्या चार बाइटांत पैसे कोणाच्या नावे सुरक्षित ठेवण्याजोगे कुलूप मावतच नाही. येथे 'कोणी वापरत नाही' हे निरीक्षण नसून सिद्धता आहे, आणि सिद्धतेपुढे माझा नुकसानीचा आक्षेप टिकत नाही. उरतो तो ओबडधोबडपणा. ६३ चालेल, ६५ चालेल, ६४ चालणार नाही: असा दातात अडकणारा नियम पुढच्या प्रत्येक आज्ञावली-लेखकाने लक्षात ठेवायचा. हलक्या आज्ञावलीला या फसवणुकीपासून वाचवण्याचे इतर मार्ग ठाऊक आहेत. अडगळ काढताना नवी अडगळ आणली जाते आहे, याची मसुद्याने आणखी दखल घ्यायला हवी होती.

चौथीविषयी वाद नाही. मायनराला बक्षीस देणारा व्यवहार पूर्वी हुबेहूब दुसऱ्यांदा घडू शकत असे. २०१० मध्ये असे दोनदा झाले, नंतरच्या नोंदीने आधीची झाकली गेली आणि एकूण १०० बिटकॉइन कायमचे नाहीसे झाले. २०१२ च्या एका सुधारणेने या व्यवहारात ब्लॉकचा क्रमांक लिहिणे सक्तीचे केले, पण जुन्या काळातील काही नोंदींत योगायोगाने भविष्यातल्या क्रमांकांसारखे दिसणारे आकडे आहेत. त्यांतला पहिला अडचणीचा ब्लॉक १९,८३,७०२ वा, सुमारे २०४६ साली येणारा. त्याच व्यवहारातील दुसऱ्या एका रकान्यात क्रमांक लिहायला लावून नवा मसुदा हा प्रश्न मिटवतो. खर्च जवळजवळ शून्य.

चार असंबद्ध दुरुस्त्यांची ही मोट का बांधली, असे वाचकाला वाटेल. प्रत्येक नियमबदलासाठी जगभर सहमती मिळवणे इतके कष्टाचे असते की, ते कष्ट एकदाच घ्यावेत, हा त्यामागचा विचार. तो समजण्यासारखा आहे. पण २०१९ मध्ये कोडसेपरेटरच्या आक्षेपाने घड्याळाची निर्विवाद दुरुस्तीही सोबत अडकून पडली, हेही विसरता येत नाही.

एक आक्षेप मात्र नव्या मसुद्यालाही लागू पडतो. कोणी २,५०० हून अधिक तपासण्यांचा व्यवहार आधीच स्वाक्षरी करून कपाटात ठेवला असेल आणि किल्ल्या नष्ट केल्या असतील, तर त्याला त्याचे तीन भाग करता येणार नाहीत. जुन्या नाण्यांना मर्यादेतून वगळावे, असा उपाय सुचतो; परंतु तसे केले तर हल्लेखोर मर्यादा लागू होण्यापूर्वीच आपली विषारी नाणी वहीत पेरून ठेवील आणि सवलत त्यालाच मिळेल. तेव्हा ही हानी शून्य करता येत नाही. मर्यादा इतकी सैल मात्र ठेवता येते की, त्या काळच्या प्रसारणाच्या नियमांत बसणारा वाजवी व्यवहार तिच्याबाहेर जाऊ नये. २,५०० हा आकडा तसाच हिशोब करून निवडलेला आहे. २०२५ अखेरपर्यंत प्रस्ताव लागू झालेला नव्हता. कपाटात असा कागद असणाऱ्याला तो बाहेर काढण्याची सवड अर्थातच त्यामुळे मिळाली.